चौथ्या दिवसाचा रंग

सोमवारी सकाळी टॅक्सीच्या रांगेत एका परक्या पोरानं माझा पेळू धरला, आणि तेव्हापासून माझ्या नवऱ्याला एक मूल जास्त झालं. जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, थंडी मरणाची होती. रांगेत उभं राहून करायचं काय, म्हणून मी टकळी काढली होती, नेहमीच काढते. पिंजलेल्या लोकरीचा पेळू डाव्या मनगटाला गुंडाळायचा, उजव्या हातानं टकळीला पीळ देऊन सोडायची, रांग चार पावलं सरकेपर्यंत दोन वाव सूत निघतं. आमच्या मासेरू शहरातल्या लोकांना आता सवय झालीय. माझ्या पुढे हिरव्या ब्लँकेटातली एक बाई होती, पाठीवर सहाएक महिन्यांचं पोर बांधलेलं. ब्लँकेटातून एक हात बाहेर आला, अगदी शांतपणे, जणू त्या हाताला एकट्यालाच कुठेतरी जायचं होतं, आणि त्यानं माझा पेळू पकडला. मनगटावर दुहेरी गाठीचा लोकरीचा दोरा होता. दोरा माझा होता.

"माफ करा हं, म्मे," ती बाई वळून म्हणाली; आमच्यात कोणाही बाईला मानानं म्मे, म्हणजे आई, म्हणतात. "हाताला येईल ते ओढतं. बापावर गेलंय." आणि तिची टॅक्सी आली, ती गेली. मागच्या माणसानं मला सांगितलं, "म्मे, चढा तरी, नाहीतर झाड होऊन राहा, पण बाजूला होऊन." मी बाजूला झाले.

दोरा माझाच, हे ओळखायला मला काही कष्ट पडले नाहीत. गुडघा आपटला की पहिल्या दिवशी लाल होतो, दुसऱ्या दिवशी जांभळा, आणि चौथ्या दिवशी त्याला एक असा रंग येतो की त्याला आमच्या सेसोथोत नाव नाही आणि बाकीच्या भाषांनीही तो नको म्हटला असणार. तपकिरी रंगाला हिरव्यानं कशात तरी गोवलंय, असा. हा रंग जगात एकदाच झाला, मार्च महिन्यात, माझ्या परसात, तीन पायांच्या लोखंडी भांड्यात. खामाने या रानपाल्याच्या मुळ्या उकळल्या होत्या, तुरटी घातली होती, लडी सोडल्या होत्या, आणि तासाभरात बाहेर काढायच्या होत्या. तेवढ्यात धाकट्या तेबेलोनं नाकात घेवड्याचा दाणा घातला. दवाखान्यातून परत येते तो थोरल्या न्याकालोच्या शाळेतून निरोप, की तिनं वर्गात जाहीर केलंय, आमची आई जादूटोणा करते, तिच्याकडे भांडं आहे. ते निस्तरून येते तो सासूबाईंचा चष्मा हरवलेला. तो त्यांच्या कपाळावर सापडला, पण त्याआधी घरभर शोधून झालं. चार वाजता मला भांडं आठवलं. जाळ विझून निखारे झाले होते, पाणी अर्धं आटलं होतं, आणि लडीवर चौथा दिवस उगवला होता. सासूबाईंनी वाकून बघितलं. "मेलाय हा रंग," त्या म्हणाल्या. "पुरून टाक." पुरायला वेळ नव्हता म्हणून मी त्या दोन बारक्या लडी पोत्यात घालून कपाटामागे टाकल्या. हातभर सूत तेवढं नमुना म्हणून म्मे खोपोत्सोंना दाखवलं, तेही हसायला.

म्मे खोपोत्सो हसत नाहीत. विणकर बायकांची संस्था त्या चालवतात; भिंतीवर टांगायचे मोठे विणकामाचे पट त्यांच्याकडे होतात, आणि माझ्या घरातला चरखा त्यांचा आहे, वापरायला दिलेला. तीन महिने त्या काही बोलल्या नाहीत. मग जूनमध्ये एक दिवस म्हणाल्या, "डोंगरावर सावली पडते ना, ती त्या रंगात विणायचीय. दोन किलो लागेल. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आण. नाही जमलं तर चरखा आण. सहा बायका वाट बघतायत, त्यातल्या दोघींना तर मुलंबाळंही नाहीत." हे शेवटचं त्यांनी अशा सुरात सांगितलं, की त्या दोघींनी शहाणपणानं वागून काहीतरी टाळलंय. चरखा गेला तर मला पाटलोणींच्या कारखान्यात परत जावं लागेल. तिथे मी लग्नाआधी अकरा महिने होते आणि अकरा महिने मी फक्त डावे खिसे शिवले. उजवे खिसे शिवणारी बाई समोर बसायची. तिचं नाव शेवटपर्यंत मला कळलं नाही. रात्री स्वप्नात माणसं यायची, त्यांना एकच खिसा असायचा. चरखा फिरतो तेव्हा निदान माझे दोन्ही हात एकाच माणसाचे असतात.

तर दोरा. आमच्या घरात, म्हणजे मोलेफीच्या घरात, मूल जन्मलं की त्याच्या मनगटाला घरात कातलेल्या लोकरीचा दोरा बांधतात. तो बांधायचा हक्क फक्त बापाच्या आईचा. आईच्या आईनं बांधला तर तो नुसता दोरा. दोरा आपोआप तुटेपर्यंत ठेवायचा. तोवर पोर कोणाचं, हे विचारायला नको, मनगट सांगतं. मोलेफी माझा नवरा, आईचा एकुलता एक. मी त्याच टॅक्सीच्या थांब्यावर, बाजूला उभी राहून, टकळी फिरवत हिशेब केला. माझी लोकर, म्हणजे माझ्या घरातली. बांधली सासूबाईंनी, म्हणजे नातवंड. सासूबाईंना मुलगा एकच. असं सरळ गणित मला शाळेत कधी सुटलं नव्हतं.

घरी येऊन कपाट ओढलं. पोत्याच्या तळाशी मूठभर सूत उरलं होतं.

मोलेफी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर परक्या बायकांशेजारी बसतो आणि त्यांना सांगतो, घाबरू नका, हळूच सोडा, मी आहे. ह्यात मला आजवर काही वावगं दिसलं नव्हतं. सोमवारी संध्याकाळी तो आला, त्यानं बूट काढले, आणि मी मक्याचा पापा घोटता घोटता त्याच्या कोटाकडे बघितलं. बाहीवर लोकर होती. कॉलरवर होती. आमच्या घरी पुराव्याला तोटा नाही. पंचाईत एवढीच की न्याकालोच्या वहीवर, सासूबाईंच्या चष्म्यावर आणि एकदा तर उकडलेल्या अंड्याच्या आतही लोकर सापडली होती.

"आज कोण कोण होतं, न्ताते?" मी विचारलं. नवऱ्यालाही आम्ही मानानं न्ताते, म्हणजे बाप, म्हणतो.

"ती बँकेतली. त्याच खांबाला तिसऱ्यांदा धडकली."

"त्याच खांबाला?"

"हो. सवय झालीय दोघांना."

"दोघांना म्हणजे?"

"तिला आणि खांबाला." तो जेवायला बसला. "पापा करपतोय बघ."

सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की एकतर त्यावर विश्वास ठेवावा लागतो नाहीतर त्याचं काहीतरी करावं लागतं, आणि मला शुक्रवारच्या आत आणखी तीनशे ग्रॅम कातायचं होतं. संशयाचं बरं असतं, तो हाताला मोकळं ठेवतो. मी चरख्यापाशी बसले. तेबेलो मांडीवर, न्याकालो पाठीशी पाढे म्हणतेय, चूल एका डोळ्यात, नवरा दुसऱ्या डोळ्यात. सूत इतकं बारीक आणि घट्ट निघालं की माझं मलाच नवल वाटलं. सुखात असताना माझं सूत नेहमी गाठाळ निघतं.

मंगळवारी दुकानात पावाच्या रांगेत दुसरं मूल दिसलं. तोच रंग, तशीच दुहेरी गाठ. बुधवारी जुळी. मोलेफीला जुळी झाली ह्याचं मला क्षणभर कौतुकही वाटलं, कारण त्याच्या घराण्यात आजवर कोणाला झाली नव्हती. मग चर्चच्या पायरीवर एक, त्याला चार दात. बुटांच्या दुकानाबाहेर एक, ते माझ्याकडे बघून शिंकलं, हुबेहूब त्याच्यासारखं. वाटेत येताजाता आणखी पाच, आणि बुधवार मावळेपर्यंत माझ्या नवऱ्याला अकरा मुलं झाली होती, आमच्या दोघी सोडून. आता मात्र मला राग यायला लागला, पण ज्याचा यायला हवा त्याचा नाही. हा माणूस वेळ काढतो कुठून? आमचं फाटक गेल्या डिसेंबरपासून एका बिजागरीवर लोंबतंय, विचारलं की म्हणतो, सवड नाही. मला अर्धा तास सलग चरख्यावर बसायला मिळत नाही. मी भाजी शिजेपर्यंत कातते, शाळेत पालकांच्या सभेत कातते, मयताला गेले तरी भजन संपेपर्यंत शालीखाली दोन बोटं चालू असतात. आणि ह्याला अकरा ठिकाणी जायचं, अकरा आयांची विचारपूस करायची, अकरा पोरांची नावं लक्षात ठेवायची, जुळ्यांमधलं कोण कोणतं हे ओळखायचं, आणि वर साडेसहाला घरी येऊन पापा करपतोय म्हणायचं. मला त्याच्याकडून शिकायला हवं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, एवढी हुशारी त्यानं माझ्यापासून लपवली, हेच जास्त लागलं.

ह्या सगळ्यात रंग जमत नव्हता. रोज सकाळी मी छोटी लड घेऊन नमुना करायची. मुळ्या तेवढ्याच, तुरटी तेवढीच, भांडं तेच. भांड्यापाशी उभी राहायची, काडीनं ढवळायची, नजर हलवायची नाही. आणि रोज सुरेख रंग यायचा: उबदार, तांबूस, मधासारखा तपकिरी. कोणीही बघून वा म्हणावं असा. म्हणजे वाया. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय छान निघालंय गं, मान्याकालो!" मी तिला ती लडच देऊन टाकली, तिच्याकडे बघवेना. मान्याकालो, म्हणजे न्याकालोची आई, हे माझं नाव सासरी आल्या दिवशी ठेवलं. पोरीचं नाव काय ठेवायचं हे तेव्हाच ठरलं, मग पोरगी आली. आमच्यात आई आधी होते, मूल मागून येतं. मग दुसऱ्या कोणी बाईनं आधीच माझं नाव घेऊन ठेवलं असेल तर? मासेरूत अकरा मान्याकालो असतील, अकराही जणी भांड्यापाशी उभ्या, आणि मीच तेवढी काडी हातात घेऊन स्वतःला खरी समजते.

गुरुवारी सकाळी डोक्यात लख्ख पडलं. बाप खोटं बोलू शकतो. पण दोरा बांधणारी माझ्याच घरात राहते, माझ्याच हातचं खाते, आणि दर गुरुवारी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला म्हणून दवाखान्यात जाते आणि दुपार करून येते. गोळ्या महिन्यातून एकदाच मिळतात, हे मला ठाऊक होतं. पण म्हातारं माणूस, तेवढाच पाय मोकळा होतो, म्हणून मी कधी मनावर घेतलं नव्हतं. उद्या शुक्रवार. जे होईल ते होवो म्हणून मी जाळ केला, सगळ्या मुळ्या उकळल्या, आणि तीन महिन्यांचं सूत, रांगेतलं, सभेतलं, मयताचं, दोनच्या दोन किलो त्या पाण्यात सोडलं. आता तासभर हलायचं नाही. तेवढ्यात फाटक करकरलं. सासूबाई डोक्याला रुमाल बांधून निघाल्या होत्या, आणि त्यांची पिशवी गोळ्यांच्या मानानं फारच फुगलेली होती.

मी तेबेलोला पाठीला बांधलं आणि पाच मिनिटांत येते असं भांड्याला सांगून निघाले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर लहान मुलांची रांग होती, वजन करायची. सासूबाई रांगेच्या बरोबर मध्ये बसल्या होत्या, लग्नघरातल्या मानाच्या पाहुणीसारख्या. मांडीवर माझं पोतं. शेजारी एक पोरसवदा मुलगी, कारखान्याचा डगला अंगात, हातात इवलंसं बाळ. मी खांबाआड उभी राहिले.

"बापाची आई कुठे असते?" सासूबाई विचारत होत्या.

"आधी बाप कुठे असतो ते विचारा, म्मे."

"बरं, तो कुठे असतो?"

"फोन लागला की सांगते."

"आण इकडे तो हात," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या चौथ्या दिवसातून वीतभर तोडून त्यांनी त्या बाळाच्या मनगटाला दुहेरी गाठ मारली. पुटपुटल्या काहीतरी, गाठीवर फुंकर घातली. "झालं. आता ह्याला आजी आहे. कोणी विचारलं तर सांग, हा-थामाए वस्तीत राहते, दात तीन आहेत आणि तोंड वाईट आहे." पलीकडच्या दोघी हसल्या आणि त्यांनी आपापली पोरं पुढे केली.

अकरा मुलं एकदम अंगावरून उतरली की माणूस हलकं व्हावं, पण मला वाटलं माझ्याच घरी चोरी झालीय. मी पुढे गेले.

"तू इथे?" सासूबाई म्हणाल्या. "आणि भांड्यापाशी कोण?"

"म्मे, ती लोकर माझी आहे."

"मेलेली आहे. पुरून टाक म्हटलं, तुला वेळ झाला नाही. पोरांची काही तक्रार नाही त्या रंगाबद्दल."

"पण दोरा आपल्या घरचा. लोक काय म्हणतील? मला वाटलं..."

"काय वाटलं?" चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ते उगवलं. मग त्या इतक्या हसल्या की आतून परिचारिका बघायला आली. "मोलेफी? अगं, त्याला एक फाटक बसवता येत नाही!"

"किती जणांना बांधलेत?"

"मुलं मोजत नसतात." त्या डोळे पुसत होत्या. मग एकदम गंभीर झाल्या, अपमान झाल्यासारख्या. "आणि मला काय रीत कळत नाही? परक्यांना मी डाव्या हातालाच बांधते. उजवा आपल्या रक्ताचा." त्यांनी माझ्या पाठीवरच्या तेबेलोचा उजवा हात ओढून मला दाखवला. जुना, विटका दोरा अजून होता. "बघ. आपलं ते उजव्याला. त्यात माझ्याकडून चूक होत नाही."

मी समोरच्या रांगेकडे बघितलं. डावा, डावा, डावा. मंगळवारचं मूल आठवलं: डावा. जुळी: डावा, डावा. शिंकलेलं: डावा. एकेक करून मी अकरांपैकी दहा नातवंडं परत केली. राहिलं सोमवारचं.

"टॅक्सीच्या थांब्यावर एक बाई होती," मी म्हटलं. "हिरवं ब्लँकेट. तिच्या पोराला तुम्हीच बांधलात का?"

"हिरवं?" सासूबाई पुढच्या बाळाचा हात शोधत होत्या. "अर्धं मासेरू हिरव्या ब्लँकेटात फिरतं. मी हात बघते, ब्लँकेट कशाला बघू?" ह्या वेळी त्या हसल्या नाहीत. किंवा दोरा दातानं तोडत होत्या म्हणून हसता आलं नसेल.

घरी येताना मी तो हात आठवत होते. पेळू माझ्या डाव्या मनगटाला, म्हणजे त्यानं माझ्या डाव्या बाजूला झेप घेतली. मी मागे उभी. पाठीवरचं पोर आणि मी एकाच दिशेला तोंड करून. म्हणजे माझा डावा तोच त्याचा डावा. सुटलं. डावं-उजवं मला कळत नाही असं निदान कोणी म्हणू नये, मी अकरा महिने डावे खिसे शिवलेत. पण खिसा अंगावर घातला की डावा असतो. माझ्यापुढे टेबलावर तो उलटा पडलेला असायचा, आणि मी तो उजवीकडून शिवायचे. चालता चालता मी दोन्ही हात पुढे धरले, मागे धरले. एका टॅक्सीवाल्यानं मला हात केलाय समजून गाडी थांबवली.

मोलेफी दुपारचं जेवायला आला होता. बँकेतल्या बाईनं आज खांब सोडून दिला म्हणून तो खुशीत होता.

"उठा जरा," मी म्हटलं. "हिला पाठीला बांधायचीय."

"मला?"

"हो. ब्लँकेट घट्ट धरा. आणि पुढे बघा, जशी काही रांग आहे."

"कसली रांग?"

"टॅक्सीची. बोलू नका, रांगेत तुमची कोणाशी ओळख नाहीये."

ह्या माणसाचा एक गुण आहे, दिवसभर लोकांच्या चुकांशेजारी बसून त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. तो परसदारी उभा राहिला, पाठीवर तेबेलो, समोर काहीच नाही. मी त्याच्या मागे दोन पावलांवर उभी राहिले, पेळू डाव्या मनगटाला गुंडाळला, टकळी सोडली. तेबेलोनं टकळीकडे बघितलं. पेळूकडे बघितलं. ब्लँकेटातून तिचा हात बाहेर आला, डावा, आणि तिनं पेळू धरला. माझा श्वास सुटला. डावाच. अर्थातच डावा, जवळचा तोच. आता मी त्याला जेवायला वाढणार होते, माशाचा तुकडाही घालणार होते. तेवढ्यात तेबेलोला पेळू नीट ओढता येईना. तिनं डावा हात सोडला, बापाच्या पाठीवर अख्खी कूस वळवली, आणि उजवा हात लांबवून तोच पेळू पकडला. मनगटावर दोरा. ती माझ्याकडे बघून हसली. हाताला येईल ते ओढते ती.

"मान्याकालो!" सासूबाई फाटकातून ओरडत आल्या. "अगं भांडं! भांडं!"

मी पळाले. निखारे होते नुसते. पाणी अर्ध्यावर. काडीनं लड उचलली, उन्हात धरली, आणि सासूबाईंनी परत आणलेल्या पोत्यात उरलेल्या शेवटच्या वीतभर सुताशेजारी लावली. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं, ते दिसेना. दोन किलो, सगळं, अगदी तेच. म्मे खोपोत्सोंच्या डोंगराला उद्या सावली मिळणार होती आणि चरखा घरात राहणार होता. मी वाफेत तशीच उभी राहिले. सासूबाई वाकून बघत होत्या, आणि त्यांची बोटं लडीच्या टोकाशी काहीतरी अंदाज घेत होती.

"वीतभर जास्तीचं आहे का गं?" त्या म्हणाल्या. "परवा एकीला सांगून ठेवलंय."

"कोणत्या हाताला?"

त्यांनी उत्तर दिलं की नाही, मला ऐकू आलं नाही, कारण मागून मोलेफी बोलला. तो मघाच्या जागीच होता, पुढे बघत, दोन्ही हातांनी ब्लँकेट घट्ट धरून, अगदी सराईत.

"उतरवू का आता हिला?"

"नको," मी म्हटलं. "तसेच थांबा जरा."